ओटो लोवी : न वाचता आलेली चिठ्ठी

या अंकासाठी मंडळाच्या बैठकीत ठरलं की प्रत्येकाने एका दिवंगत व्यक्तीचं चरित्र लिहायचं, आणि शक्यतो साहित्याच्या बाहेरच्या. बाहेरच्या म्हटल्यावर सगळ्यांनी पटापट क्रांतिकारक आणि गायक उचलले. मी जे नाव सांगितलं ते बैठकीत कोणाच्या ओळखीचं निघालं नाही, आणि खरं सांगायचं तर चार महिन्यांपूर्वी मलाही ते माहीत नव्हतं. विज्ञान शाखेच्या मुलांना मात्र ते पाठ आहे. त्यांच्या पुस्तकात बेडकाच्या दोन हृदयांची आकृती असते आणि तिच्याखाली हे नाव असतं : ओटो लोवी.

मी तिथपर्यंत पोचले ती औषधाच्या खोक्यामुळे. आमच्या घरी आजी आहे. ती मूळची वसईची. आजोबांना भेलमध्ये नोकरी लागली तेव्हा भोपाळला आली, आणि पन्नास वर्षं इथे काढूनही तिची मराठी वसईचीच राहिली. गेली तीन वर्षं तिला विसरायला होतं. अख्खी जपमाळ ती एकही मणी न चुकता म्हणते, लग्नात कोणी काय आहेर केला ते सांगते, पण सकाळचा चहा झाला की नाही हे तिला दहा मिनिटांनी ठाऊक नसतं. डॉक्टरांनी तिला एक पॅच दिलाय, पाठीवर चिकटवायचा. त्यातल्या औषधाचं नाव रिवास्टिग्मिन. हे औषध नेमकं करतं काय, हे शोधायला बसले आणि एका माणसाच्या स्वप्नापाशी येऊन थांबले.

ओटोचा जन्म ३ जून १८७३ चा, जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा. घर ज्यू, वडील वाइनचे व्यापारी. सुट्टीत द्राक्षमळ्यात जायचं, शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकायचं, असं बालपण. भाषांमध्ये मुलगा हुशार, गणित आणि भौतिकशास्त्रात मात्र जेमतेम. त्याला कलेचा इतिहास शिकायचा होता. घरच्यांचं म्हणणं होतं, डॉक्टर हो. आता हा प्रसंग आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या घरी घडलेला आहे, त्यामुळे मी तो लांबवत नाही. फरक एवढाच की आपण भांडून साहित्याला आलो आणि ओटो मुकाट्याने १८९१ मध्ये स्ट्रासबुर्गला वैद्यकीला गेला. गेला म्हणजे नाव घातलं. वर्गात तो फारसा दिसायचा नाही. तत्त्वज्ञानाची आणि कलेची व्याख्यानं ऐकत हिंडायचा. वैद्यकीची पहिली परीक्षा कशीबशी निघाली.

पुढे त्याला हळूहळू गोडी लागली. १८९६ मध्ये डॉक्टर होऊन तो फ्रँकफर्टच्या सरकारी रुग्णालयात लागला. तिथे क्षयाचे आणि न्यूमोनियाचे रुग्ण खाटांवर पडलेले असायचे आणि डॉक्टरांच्या हातात जवळपास काहीच नसायचं. आज आपण ज्याला अँटिबायोटिक म्हणतो ते यायला अजून चार दशकं होती. रोज माणसं मरताना बघायची आणि नुसतं टेंपरेचर लिहायचं, हे त्याला झेपलं नाही. त्याने रुग्ण तपासणं सोडलं आणि औषधं शरीरात काय करतात हे शोधण्याचं शास्त्र धरलं, म्हणजे फार्माकॉलॉजी. कलाप्रेमी मुलगा, डॉक्टरकी नको म्हणणारा, शेवटी प्रयोगशाळेत स्थिरावला तो असा.

१८९८ मध्ये मारबुर्गला हान्स होर्स्ट मायर या प्राध्यापकांकडे त्यांना जागा मिळाली. (इथून पुढे ‘त्यांना’ म्हणते, नोकरी लागलेल्या माणसाला एकेरीत बोलवत नाहीत.) तिथे त्यांनी दाखवलं की प्रथिनांचे पचून झालेले तुकडे खाऊ घातले तरी प्राण्याचं शरीर त्यातून आपली प्रथिनं पुन्हा उभारू शकतं. या कामाने थोडं नाव झालं. १९०२ च्या सुमारास ते इंग्लंडला गेले, आणि तिथे हेन्री डेल नावाच्या, दोनच वर्षांनी लहान असलेल्या इंग्रज संशोधकाशी त्यांची गाठ पडली. ही मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे व्हिएन्ना, १९०८ मध्ये ग्विडा गोल्डश्मीट यांच्याशी लग्न, तीन मुलगे आणि एक मुलगी, आणि १९०९ पासून ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात प्राध्यापकी. ग्राझला ते जवळजवळ तीस वर्षं राहिले. शिकवायचे छान, संगीत आणि चित्रं यांचं वेड तसंच राहिलं.

पण मधली एक गोष्ट सांगायची राहिली, आणि तिच्यावरच पुढचं सगळं उभं आहे. १९०३ मध्ये मारबुर्गला केंब्रिजचे वॉल्टर फ्लेचर नावाचे पाहुणे संशोधक काम करत होते. त्यांच्याशी गप्पा मारताना लोवींच्या मनात एक विचार आला. नस आणि स्नायू यांच्यामध्ये निरोप जातो तो विजेने, असं त्या काळी बहुतेक सगळे मानत. पण काही औषधं शरीरात टोचली की नस चेतवल्यावर जे होतं तेच होतं. मग नसांच्या टोकाशीच असं काही रसायन साठवलेलं नसेल कशावरून? नस चेतवली की ते सुटत असेल आणि निरोप तेच पोचवत असेल. विचार चांगला होता, पण सिद्ध कसा करायचा हे सुचेना. आणि मग लोवी तो विसरले. बाजूला ठेवला वगैरे नाही, पार विसरले. हे त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय.

सतरा वर्षं गेली. मध्ये एक महायुद्ध झालं, ऑस्ट्रियाचं साम्राज्य मोडलं. १९२० मधली ईस्टरच्या आदली रात्र. आपल्याकडे ही रात्र पास्काच्या जागरणाची, अंधाऱ्या चर्चमध्ये एक मेणबत्ती पेटवून सुरू होणारी. लोवींच्या घरी ती नेहमीसारखी झोपेची रात्र होती. झोपेतून ते मध्येच उठले, दिवा लावला, एका पातळ कागदाच्या चिटोऱ्यावर दोन ओळी खरडल्या आणि परत झोपले. सकाळी सहाला जाग आली ती या जाणिवेने की रात्री आपण काहीतरी फार महत्त्वाचं लिहिलं आहे. चिटोरा हातात घेतला. अक्षर लागेना!

तो अख्खा रविवार त्यांनी कसा काढला असेल याची मी कल्पना करते. चिठ्ठी आहे, स्वतःचं अक्षर आहे, आत काय आहे ते माहीत नाही. परीक्षेत उत्तर जिभेवर असून न येण्याची ती अवस्था, पण दिवसभर. आजीच्या चेहऱ्यावर ती मी बघते, एखादी वस्तू घ्यायला खोलीत येते आणि मध्येच उभी राहते तेव्हा.

दुसऱ्या रात्री तीन वाजता तो विचार परत आला. एका प्रयोगाची मांडणी होती ती, सतरा वर्षांपूर्वीचा अंदाज खरा की खोटा हे ठरवणारी. या वेळी लोवींनी चिठ्ठीवर विसंबायचं नाही असं ठरवलं आणि तडक प्रयोगशाळा गाठली.

प्रयोग असा. बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या विशिष्ट पाण्यात ठेवलं तरी बराच वेळ धडधडत राहतं. लोवींनी अशी दोन हृदयं घेतली. पहिल्याला त्याची नस जोडलेली ठेवली, दुसऱ्याची काढून टाकली. व्हेगस नावाची एक नस आहे, ती चेतवली की हृदय मंदावतं. पहिल्या हृदयाची व्हेगस त्यांनी विजेने काही मिनिटं चेतवली, ते मंदावलं. यात नवीन काहीच नाही. मग पहिल्या हृदयातलं पाणी त्यांनी दुसऱ्या हृदयात घातलं. या दुसऱ्याला नसच नव्हती, वीज नव्हती, कोणाचा निरोप येण्याची सोयच नव्हती. तरी ते मंदावलं. हृदयाचा वेग वाढवणारी नस चेतवून तिचं पाणी घातलं, तर दुसरं हृदयही वेगाने धावू लागलं. म्हणजे निरोप पाण्यात उतरला होता.

विज्ञानात मला फारसं कळत नाही, पण हा प्रयोग मला एखाद्या उत्तम लघुकथेसारखा वाटतो. पात्रं दोन, प्रसंग एक, आणि शेवटी शंकेला जागाच नाही.

यातली गंमत पुढे आहे. लोवी नंतर म्हणायचे की हाच प्रयोग दिवसा, नीट विचार करून सुचला असता तर आपण तो केलाच नसता. कारण साधं आहे. नसेतून रसायन सुटत असेल तर ते मोजकंच सुटेल, तिथल्या तिथे काम करेल आणि संपेल. आजूबाजूच्या पाण्यात सांडण्याइतकं ते कशाला असेल? तर्काने बघितलं तर प्रयोग फसायला हवा होता. तो फसला नाही. आणि हृदय पाण्यात ठेवण्याची ही पद्धत त्यांनी दोनच वर्षांपूर्वी, १९१८ मध्ये, अगदी वेगळ्या कामासाठी वापरलेली होती. जुना विसरलेला अंदाज आणि नव्याने हातात बसलेली पद्धत, या दोघांची गाठ झोपेत पडली, असं त्यांचंच मत होतं.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की या स्वप्नाच्या गोष्टीत घोळ आहेत. लोवींनी ती बऱ्याच वर्षांनी लिहिली, आणि अनेकांना तोंडी सांगितली. कुठे वर्ष १९२० येतं, कुठे १९२१. एका सांगण्यात ते तीन वाजता तसेच उठून लॅबमध्ये जातात, दुसऱ्यात सगळं नीट लिहून ठेवतात आणि सकाळी जातात. निबंध छापून आला तो १९२१ मध्ये, जेमतेम चार पानांचा. मेंदूतल्या निरोपांचा शोध लावणाऱ्या माणसाची स्वतःची आठवण अशी सैल असावी, याचं काही जणांना हसू येतं. मला नाही येत. आमच्याकडे आजोबांचं भोपाळला येणं प्रत्येक काका वेगळं सांगतो आणि प्रत्येकाला स्वतःचंच खरं वाटतं. आठवण प्रत्येक वेळी सांगताना थोडी नव्याने शिवली जाते.

लोवींनी त्या रसायनाला साधं नाव दिलं : व्हेगसचा पदार्थ. ते नेमकं कोणतं हे ठरायला वेळ लागला, आणि तो प्रयोग दुसऱ्यांच्या हातून नीट होईना, म्हणून शंकाही घेतल्या गेल्या. १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी सगळ्यांदेखत पुन्हा पुन्हा करून दाखवला. त्याच सुमारास नावराटिल या सहकाऱ्याबरोबर त्यांनी पुढची गाठ सोडवली. हा पदार्थ सुटतो आणि क्षणात नाहीसा होतो, कारण त्याला तोडणारं एक एन्झाइम तिथे टपून बसलेलं असतं. पदार्थ होता असिटिलकोलीन, जो हेन्री डेल यांनी १९१४ मध्ये बुरशीच्या अर्कावर काम करताना अभ्यासला होता. आणि त्या एन्झाइमला अडवणारं एक औषध लोवींना सापडलं : फायसोस्टिग्मिन, आफ्रिकेतल्या कॅलाबार नावाच्या विषारी घेवड्यातून निघणारं. ते घातलं की असिटिलकोलीन तुटत नाही, निरोप जास्त वेळ टिकतो.

हे वाचताना मी खोक्यावरचं नाव पुन्हा पाहिलं. फायसोस्टिग्मिन, रिवास्टिग्मिन. आडनाव एकच.

आता थोडं मेंदूविषयी, कारण लोवींनी बेडकाच्या हृदयात जे दाखवलं ते पुढे मेंदूतही निघालं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये बारीकशी फट असते आणि ती फट रसायनं ओलांडतात. असिटिलकोलीन त्यांतलंच एक. नवीन गोष्ट मनात नोंदवून घेताना ते लागतं. आपल्याकडचा धोतरा बघा. महादेवाला वाहतात तोच. त्यात अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं, आणि ही दोन्ही असिटिलकोलीनच्या जागा अडवून बसतात. प्रवाशांना धोतरा चारून लुटणाऱ्या टोळ्यांच्या गोष्टी आपण ऐकलेल्या आहेत; लुटलेल्याला नंतर काही आठवत नसे. १९७४ मध्ये अमेरिकेत ड्रॅचमन आणि लेविट या संशोधकांनी तरुण, निरोगी मंडळींना थोडं स्कोपोलामिन देऊन पाहिलं. ऐकलेले आकडे लगेच परत म्हणणं त्यांना जमलं, पण नवीन काही लक्षात ठेवणं म्हाताऱ्यांइतकं अवघड गेलं. दोनच वर्षांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत असिटिलकोलीन तयार करणारं एन्झाइम फार कमी असल्याचं दिसून आलं. तेव्हापासून विचार सुरू झाला की तयार करणारं कमी झालंय, तर निदान तोडणाऱ्याला अडवू. आजीचा पॅच तेवढंच करतो. गेलेलं परत आणत नाही, आहे ते थोडं जास्त वेळ टिकवतो.

आणि हीच युक्ती दुसऱ्या टोकाला नेली तर विष होतं, हे भोपाळच्या माणसाला वेगळं सांगायला नको खरं तर, पण बहुतेकांना माहीत नसतं. जे. पी. नगरच्या समोरचा युनियन कार्बाइडचा कारखाना जे कीटकनाशक बनवायचा, सेविन, ते म्हणजे कार्बारिल. कार्बारिल आणि फायसोस्टिग्मिन एकाच घराण्यातले, कार्बामेट. किड्याच्या शरीरात ते त्याच एन्झाइमला अडवतं. निरोप थांबतच नाहीत आणि किडा मरतो. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री जी सुटली ती मात्र सेविन नव्हे. ती सेविन बनवायला लागणारी मिथाइल आयसोसायनेट, इथे सगळे मिक म्हणतात ती, आणि तिने मारलं ते फुप्फुसांना जाळून. गल्लत होऊ नये म्हणून सांगितलं. पण माझ्या शहराचं नाव ज्या रसायनामुळे जगाला कळलं त्याची वाट आणि आजीच्या पाठीवरच्या पट्टीची वाट ग्राझच्या त्या एकाच प्रयोगशाळेतून जाते, हे कळल्यावर मी जरा वेळ पुस्तक मिटून बसले होते.

लोवींकडे परत येते. १९३६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, लोवी आणि डेल या दोघांना मिळून. जुने दोस्त एकत्र स्टॉकहोमला गेले. त्यानंतर दीडच वर्षाने, ११ मार्च १९३८ ला, हिटलरच्या हाती ऑस्ट्रिया जात असल्याची बातमी आली. लोवी कामात इतके बुडालेले होते की त्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही आणि झोपायला गेले. त्याच रात्री बंदुका घेतलेले नाझी स्वयंसेवक झोपण्याच्या खोलीत घुसले. वय चौसष्ट, नोबेल विजेता, शहरातला मान्यवर प्राध्यापक. त्यांच्या दृष्टीने फक्त ज्यू. लोवींना तुरुंगात नेलं, धाकट्या दोन मुलांनाही.

आपल्याला मारणार याबद्दल लोवींची खात्री होती. आणि अशा रात्री त्यांना काळजी कशाची वाटावी? नुकत्याच संपवलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष अजून छापायला गेले नव्हते. आपण गेलो तर तेही जाणार. त्यांनी एका पहारेकऱ्याची मनधरणी केली, पोस्टकार्ड आणि पेन्सिल मिळवली, आणि निष्कर्ष लिहून एका जर्मन विज्ञान नियतकालिकाकडे धाडले. कार्ड गेल्यावर त्यांना मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

हा प्रसंग वाचताना मी आधी जरा चिडले होते. मुलं शेजारच्या कोठडीत, बायको घरी एकटी, आणि या माणसाला निबंधाची पडली आहे! पण पुन्हा वाचल्यावर वेगळं वाटलं. एकदा त्यांच्या हातून चिठ्ठी वाया गेली होती. या वेळी परत सांगायला तिसरी रात्र येईल याची खात्री नव्हती, आणि कार्डावरचं अक्षर नक्कीच स्वच्छ असणार.

दोन महिन्यांनी सुटका झाली. देश सोडायची परवानगी मिळाली, पण फुकट नाही. स्वीडनच्या बँकेत ठेवलेली नोबेलची रक्कम नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळती करून द्यावी लागली. २८ सप्टेंबर १९३८ ला लोवी निघाले. ग्विडाबाईंना मागे अडवून ठेवलं. त्यांची आणि नवऱ्याची भेट पुढे अमेरिकेतच झाली. लोवी आधी लंडनला डेलकडे, मग ब्रुसेल्सला, मग ऑक्सफर्डला, आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कला, तिथल्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात. तीस वर्षं एका गावात राहिलेला माणूस दोन वर्षांत चार गावं फिरला.

न्यूयॉर्कच्या बंदरातला किस्सा ते स्वतः हसून सांगत. इंग्लंडमध्ये व्हिसासाठी तपासणी झाली होती आणि डॉक्टरचं सीलबंद पाकीट बरोबर दिलं होतं. रांगेत कारकून कागद लावत असताना त्यांची नजर त्या दाखल्यावर गेली. शेरा होता की हा गृहस्थ वार्धक्याने जर्जर आहे, पोटापुरतं कमवू शकणार नाही. लोवींना वाटलं, झालं, आता परत पाठवणार, आणि परत म्हणजे कुठे ते त्यांना ठाऊक होतं. अधिकाऱ्याने कागदाकडे दुर्लक्ष केलं आणि आत सोडलं. त्या जर्जर गृहस्थाने पुढची वीस वर्षं शिकवलं आणि लिहिलं. उन्हाळ्यात ते समुद्रकाठच्या वुड्स होलला जात, तिथल्या जीवशास्त्राच्या केंद्रात तरुण मुलांशी तासन् तास गप्पा मारत. १९४६ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

आठवणी पक्क्या कशा होतात, हे त्यांच्या हयातीत कोणाला नीट सांगता येत नव्हतं. ते काम ज्याने पुढे नेलं तो मुलगा मार्च १९३८ मध्ये आठ वर्षांचा होता आणि व्हिएन्नात राहत होता. एरिक कँडेल. ज्यू घर, १९३९ मध्ये देश सोडावा लागला, न्यूयॉर्कला आला, आणि डॉक्टर झाला तो त्याच न्यूयॉर्क विद्यापीठातून, १९५६ मध्ये. समुद्री गोगलगाईवर काम करून त्यांनी दाखवलं की थोड्या वेळाची आठवण आणि कायमची आठवण यांत पेशीच्या आत काय फरक असतो. मला जे समजलं ते किराणा दुकानासारखं आहे. दिवसाचा हिशोब दुकानदार कच्च्या वहीत टिपतो. त्यासाठी नवीन काही लागत नाही, आहे त्याच जोडण्या जरा जोर धरतात. पण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली तर बाहेरून आलेला रासायनिक निरोप पेशीत एकेक टप्पा ओलांडत थेट केंद्रकात पोचतो, तिथे क्रेब नावाचं प्रथिन जागं होतं, जनुकं चालू होतात, नवी प्रथिनं बनतात आणि पेशींमध्ये नव्या जोडण्या उगवतात. ही खतावणी. आजीची जपमाळ खतावणीत आहे, सत्तर वर्षं रोज उतरवलेली. सकाळचा चहा कच्च्या वहीतून पुढे सरकतच नाही. कँडेल यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

झोपेचंही तसंच काही निघालं. गाढ झोपेत मेंदूतलं असिटिलकोलीन उतरतं, आणि ते उतरणं दिवसाच्या आठवणी पक्क्या व्हायला गरजेचं असावं. २००४ मध्ये जर्मनीत गाइस आणि बॉर्न यांनी झोपलेल्या माणसांना फायसोस्टिग्मिन देऊन ते उतरू दिलं नाही, तर पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या नंतर कमी आठवल्या. लोवींचंच औषध, आणि प्रश्नही जवळपास त्यांच्या ईस्टरचाच. जागेपणी हे रसायन लागतं, गाढ झोपेत ते नको असतं. माझ्यासारख्या रात्री जागून पाठांतर करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी, मीसुद्धा घेतलेली नाही.

ग्विडाबाई १९५८ मध्ये गेल्या. १९६० मध्ये लोवींनी आपल्या आयुष्याचा एक छोटा आढावा लिहून छापला. स्वप्न, चिटोरा, पोस्टकार्ड, बंदरातला दाखला, हे सगळं त्यात आहे. पुढच्या वर्षी, २५ डिसेंबर १९६१ ला, नाताळच्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. वय अठ्ठ्याऐंशी. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीसाठी त्यांचं चरित्र लिहिलं ते सत्त्याऐंशीच्या घरात आलेल्या हेन्री डेल यांनी.

आजीचा पॅच रोज संध्याकाळी मी बदलते. तो रोज नव्या जागी लावायचा असतो, चौदा दिवस त्याच जागी परत नाही. काल डाव्या खांद्याखाली होता की उजव्या, हे मला दुसऱ्या दिवशी हमखास आठवत नाही. आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवते, मोठ्या अक्षरात.